न झटकलेला शर्ट

पाणीकाकांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडणाचं कारण होतं दाराच्या चौकटीवरची धूळ. चिमूटभरसुद्धा नव्हती. तरी मी त्यांची खोली नापास केली. ते आठ जणांच्या टोळीचे मुकादम, केस पांढरे झालेले. मी सव्वीस वर्षांची, नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झालेले. टोळीतल्या सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"चौकटीच्या वर कोण बघतं, बाई?" टोळीतला सुतार मास्कमधून घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मी बघते," मी म्हणाले. माझा स्वभाव तेव्हा असाच होता. आता तरी कुठे सुधारलाय म्हणा.

काकांनी स्टूल ओढलं, वर चढले, टॉर्च मारला, हातमोज्याचं बोट चौकटीवरून फिरवलं आणि ते बोट टोळीला दाखवलं. "बाईंचं बरोबर आहे. पुन्हा पुसा. नुसती चौकट नाही, सगळी खोली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मोजणीबाई, उद्या दहाला या. तेव्हा नापास करून दाखवा."

दुसऱ्या दिवशी दहाला मी अर्धा तास त्या खोलीत टॉर्च घेऊन हिंडले. काही सापडलं नाही, याचा मला खरं तर थोडा रागच आला. तिथून पुढे अकरा वर्षं आम्ही एकत्र काम केलं, आणि मी त्यांच्यासाठी कायम मोजणीबाईच राहिले. बोलताना ते मला थट्टेनं अहो-जाहो करत. 'तू' फक्त गंभीर काही सांगायचं असलं तरच यायचा, आणि तसं वर्षातून एखाद्या वेळीच व्हायचं.

काकांचं काम होतं जुन्या इमारतींतून ॲस्बेस्टॉस काढण्याचं. एके काळी हा पदार्थ सगळ्यांचा लाडका होता. जळत नाही, कुजत नाही, उंदीर कुरतडत नाही, वर स्वस्त. छपराचे पत्रे, छताच्या फळ्या, बॉयलरवरचं लिंपण, पाइपांची वेष्टणं, जिथे बघाल तिथे तो. खोड एकच. त्याचे तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात, जरा धक्का लागला की सुटतात, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि छातीत गेले की पुन्हा बाहेर येत नाहीत. दुखणं वर यायला वीस, तीस, चाळीस वर्षंसुद्धा लागतात. तोवर माणूस निवांत असतो. तर काकांनी ते काढायचं, आणि काढून झालं की मी तिथली हवा पंपानं ओढून घ्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजायचे आणि खोली पास की नापास ते सांगायचं. जो साफ करतो त्यानं पास करायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. म्हणून मी त्यांच्या कंपनीची नव्हते, आणि म्हणूनच आमचं जमलं असावं.

पाणीकाका हे नाव टोळीनं ठेवलं होतं. कामावर त्यांच्या तोंडात चोवीस तास दोनच शब्द. "आधी पाणी." पत्रा उतरवायचा, आधी पाणी. खिळा काढायचा, आधी पाणी. साबणाचे चार थेंब टाकलेल्या पाण्याचा फवारा मारून वस्तू भिजवली की तंतू जागच्या जागी बसतात. हे सगळ्यांना माहीत असतं, पण घाई झाली की सगळे विसरतात. काका विसरत नसत. पत्रा फोडून उतरवणं त्यांना मान्य नव्हतं. एकेक खिळा हातानं सोडवून अख्खा पत्रा बाळाला उचलावं तसा दोघांनी मिळून खाली आणायचा. झाडूवर तर त्यांचा असा राग होता की जणू जुनं वैर. टोळीत कुणाच्या हातात झाडू दिसला की त्याला दिवसभर फडकी पिळायला बसवत.

काम सुरू व्हायच्या आधी अख्खी खोली जाड प्लॅस्टिकनं बंद व्हायची. मग हवा ओढणारं मशीन लागायचं आणि प्लॅस्टिकच्या भिंती आतल्या बाजूला फुगायच्या. काका तळहात टेकवून बघत आणि मान डोलावत. भिंती आत ओढल्या गेल्या म्हणजे आतली धूळ बाहेर जाणार नाही. काम संपलं की कागदी कपडे आतल्या खोलीत उलटे करून सोलायचे, मधल्या खोलीत शॉवर घ्यायचा, मास्क सगळ्यात शेवटी काढायचा, आणि तिसऱ्या खोलीत गेल्यावर आपले घरचे कपडे. काका शॉवरखाली गात असत. गाणं कधीच ओळखू यायचं नाही. टोळी म्हणायची, काकांचं गाणं ऐकून उरलेसुरले तंतूसुद्धा खाली बसतात.

एकदा टोळीत एक नवा प्लंबर आला. भरघोस दाढी, लग्न दोन आठवड्यांवर. मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला दाढी चालत नाही. तो म्हणाला, "काका, लग्नाचे फोटो निघायचेत." काका म्हणाले, "फोटो तीस वर्षांनी बघायला तू असलास म्हणजे झालं." आणि स्वतः वस्तरा घेऊन त्यांनी त्याची दाढी केली, टोळीनं पाणी धरलं, कुणी आरसा धरला. लग्नात नवरीनं त्याला पटकन ओळखलंच नाही म्हणे. हा किस्सा काका चहाच्या वेळी इतका रंगवून सांगत की प्लंबर स्वतः पोट धरून हसायचा. बोलायला बसले की काकांना कुणी थांबवू शकत नसे. बॉयलरमध्ये अडकलेलं मांजर, छतात सापडलेलं कुणाचं तरी प्रेमपत्र, सगळं नकलांसकट. त्या चहाच्या वेळा मला आता फार आठवतात. त्यानंतर मी पुष्कळ चांगल्या माणसांबरोबर काम केलं, पण दुपारी चार वाजता आपण होऊन घड्याळाकडे बघावं असं कुणी भेटलं नाही.

तिसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. त्यांना ताप होता आणि एका कागदावर सही हवी होती. तिसरा मजला, दोन खोल्या, फरशी इतकी लख्ख की मी दारात घुटमळले. काकूंनी दार उघडलं. बारीक बांधा, डोळे मिस्कील, आणि एक वाक्य बोलून झालं की मध्ये श्वास घ्यायला थांबण्याची सवय.

"तूच का ती नापास करणारी?" त्या म्हणाल्या. "ये. आमच्याकडे झाडू नाही, बरं का. नवरा झाडू लावू देत नाही. ओलं फडकं मारून मारून माझे गुडघे गेले. नापास करायची असली तर फरशी सोडून दुसरं काही बघ."

मी हसले आणि बोलता बोलता प्लंबरच्या दाढीचा विषय काढला. काकूंनी विचारलं, "कुणाची दाढी?"

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत. मग मांजराचं विचारलं. तेही त्यांना माहीत नव्हतं. आठ माणसांना तोंडपाठ असलेल्या गोष्टी, आणि घरच्या बाईच्या कानावर एकही नाही. काका पांघरुणातून माझ्याकडे असे बघत होते की मी चहा अर्धाच टाकून उठले. जिना उतरताना मला काकांचा रागच आला. बाहेर नकला आणि घरात मौनव्रत, हा कुठला शहाणपणा, असं मनात म्हटलं. मी तेव्हा फार पटकन निकाल देत असे. धंद्याचा परिणाम.

खरं कारण पुढे महिन्याभरात कळलं. एका बंद पडलेल्या कारखान्याचं बॉयलर-घर साफ करायचं होतं. काम सुरू व्हायच्या आधी काका आणि मी आत पाहणी करत होतो. जाडजूड पाइप भिंतीभर पसरलेले, त्यांच्यावर पांढरं लिंपण. एका जोडापाशी काका थबकले. लिंपणात अंगठ्याचा खोलगट ठसा होता. त्यांनी हातमोज्यातला आपला अंगठा त्यावर अलगद धरला. बरोबर बसला.

"हा माझा," ते म्हणाले.

तेव्हा मला समजलं की काका तरुणपणी हेच लिंपण घालायचं काम करत. चौदा वर्षं. पोत्यातली पांढरी भुकटी टबात ओतायची, पाणी घालून हातानं कालवायची आणि पाइपांना थापायची. जोड पक्का झाला की अंगठा दाबून खूण करायची, ही त्यांची पद्धत. अर्ध्या गावातले पाइप त्यांच्या हातचे. पोती झटकताना भुकटी अशी उडायची की समोरचा दिसत नसे. जेवणाच्या सुट्टीत ते आणि त्यांचा जोडीदार तिचे ओले गोळे करून एकमेकांना मारत आणि हसत बसत. कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"संध्याकाळी घरी गेलो की मी नखशिखांत पांढरा," काका म्हणाले. "आमची ही जिन्याच्या कठड्यापाशी उभी असायची. मी शर्ट काढायचो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. दोघं मिळून झटकायचो. झटकता झटकता मी तिला दिवसभरातलं सगळं सांगायचो. ती हसायची. तोंड उघडं ठेवून हसायची, मोजणीबाई."

पुढचं बोलताना ते माझ्याकडे न बघता त्या ठशाकडे बघत राहिले.

"जोडीदार दम लागून गेला. पन्नाशीसुद्धा गाठली नाही. तेव्हा डॉक्टरनं पहिल्यांदा सांगितलं की हे कशानं होतं, आणि कपड्यांतून घरच्यांनाही होतं. त्या दिवसापासून मी कामाचा एक दोरासुद्धा घरी नेला नाही. पुढे हे काढायचं काम शिकलो. पण चौदा वर्षं तर झाली होती. माझी छाती साफ आहे, दर वर्षी फोटो निघतो. तिच्या फुप्फुसावर डाग आहेत. डॉक्टर म्हणाला, जुनी धूळ असेल. तिनं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही."

"सांगायला हवं, काका."

"काय सांगू, तू सांग. तुझा श्वास मी खाल्ला म्हणून सांगू?"

त्या वर्षातला 'तू' तिथे खर्ची पडला. मग त्यांनी फवारा उचलला, त्या ठशावर पाणी मारलं, आणि बाहेर जाऊन टोळीला आवाज दिला. घरी ते कामाचं अवाक्षर का काढत नाहीत, ते मला तेव्हा उमगलं. कपड्यांबरोबर त्यांनी गोष्टीही कामावरच ठेवून द्यायला सुरुवात केली होती. एक गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मागोमाग ती दुसरी बाहेर पडली तर, अशी त्यांना धास्ती.

नंतरची आठ वर्षं काकांच्या मागे मी हा लकडा लावला होता. दर वर्षी काकूंच्या छातीचा फोटो निघायचा, दर वर्षी काका त्या आठवड्यात शॉवरखाली गात नसत, आणि दर वर्षी मी विचारायचे, "सांगितलंत?" ते म्हणायचे, "यंदा तब्येत जरा बरी आहे, कशाला उकरून काढू." तब्येत बरी नसली की म्हणायचे, "आत्ता नको, आधीच तिला दम लागतो." त्यांच्या पंचांगात सांगायचा मुहूर्तच नव्हता.

त्यातल्या शेवटच्या वर्षी काकूंना तीन मजले चढणं जड जायला लागलं. प्रत्येक वळणावर बसावं लागे. काकांनी तळमजल्यावरची एक जागा बघितली आणि सामान हलवायचा दिवस ठरवला. त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी मला त्यांचा फोन आला.

"मोजणीबाई, पंप घेऊन घरी या."

"घरी? काय फुटलं?"

"काही फुटलं नाही. या."

मी पोचले तेव्हा काका दाराबाहेर उभे होते. अंगात कागदी कपडे, मास्क गळ्यात, हातात फवारा, बगलेत प्लॅस्टिकच्या पिशव्यांची गुंडाळी. आत बघितलं तर खोलीभर बांधलेली बोचकी, आणि मधोमध एका लोखंडी ट्रंकेवर काकू बसलेल्या. शेजारी पिळून ठेवलेल्या कपड्यांची बादली.

"उठत नाहीये," काका म्हणाले.

झालं होतं असं. पलंगाखालची ट्रंक उघडून काका रजया काढायला गेले, तर तळाशी उशीचा एक अभ्रा, तोंड सुतळीनं बांधलेला. त्यांनी विचारलं, यात काय? काकू म्हणाल्या, तुमचा शर्ट. लिंपणाच्या कामाचा. काकांनी तिथल्या तिथे झाकण लावलं आणि फवारा आणायला धावले. ते परत येईपर्यंत काकू झाकणावर ठाण मांडून बसल्या होत्या. इतकी वर्षं सगळ्या गावातून विष शोधून काढणाऱ्या माणसाच्या पलंगाखाली ते झोपलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"एकतीस वर्षं इथेच आहे," काकू म्हणाल्या. "आजच कसा विषारी झाला?"

"झाला नाही. होताच," काका म्हणाले. "तू बाहेर जा. हवं तर ट्रंकेत नवा शर्ट आणून ठेवू."

"नवा काय करायचाय मला?"

मी आत शिरून मध्ये बोलायला गेले. "काकू, नियम असा आहे की..."

"तू तुझं मशीन तिकडे ठेव आणि गप्प बस," काकू म्हणाल्या. मी गप्प बसले. मला असं गप्प बसवणारी माणसं फार थोडी.

लोकांच्या वस्तू काढून घ्यायची वेळ काकांवर पुष्कळदा यायची. एका जुन्या नाट्यगृहात पडदा ओढणाऱ्या म्हाताऱ्यानं आग अडवणाऱ्या ॲस्बेस्टॉसच्या पडद्याचा हातभर तुकडा मागितला होता, आठवण म्हणून. काका त्याला म्हणाले होते, "आठवण तुम्ही ठेवा, तुकडा आम्हाला द्या." तो म्हातारा रडला होता, पण त्यानं दिला. ते वाक्य त्या दिवशी काकांच्या तोंडून फुटेना. फवाऱ्याच्या तोटीतून थेंब थेंब पाणी फरशीवर पडत होतं.

"अगं, तुझ्या छातीत डाग आहेत ना," ते शेवटी म्हणाले, "ते ह्या शर्टाचे आहेत. माझ्या कपड्यांचे. तू झटकायचीस ना, त्याचे. मला इतकी वर्षं माहीत आहे. मी सांगितलं नाही."

मला वाटलं, मी तिथे नको होते. पण जायचं तर काकांच्या अंगावरून जावं लागलं असतं.

काकूंनी एक श्वास घेतला, मग दुसरा.

"मलाही माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा स्वच्छ कपड्यांत घरी आलात, त्या दिवसापासून. केस ओले, अंगाला साबणाचा वास. आदल्या दिवशी जोडीदाराला पोचवून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आंघोळ करून येतो, मी काय दूधखुळी आहे? आणि डॉक्टरानं डाग दाखवले तेव्हा तुम्ही फोटोकडे बघत नव्हतात. माझ्या हातांकडे बघत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?" काकू म्हणाल्या. "जोडीदार गेला त्या संध्याकाळी तुम्ही तसेच येऊन झोपलात. शर्ट खुंटीला. म्हटलं आज नको, दमलाय माणूस. उद्या झटकू. तो अभ्र्यात घालून ठेवला, घरात धूळ नको म्हणून. मग उद्या काही झटकायला आलंच नाही. कपडे तिकडे ठेवायला लागलात, ते चांगलंच केलंत. पण गोष्टी कशाला तिकडे ठेवल्यात? ह्या पोरीला दाढीची गोष्ट माहीत, मला नाही. छातीतल्या डागाचा मला राग नाही आला. तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात मी एकटीच बोलतेय, त्याचा येतो."

काकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हातमोजे घातले असल्यामुळे पुसता येत नव्हतं. नियम तोडून त्यांनी पुसलं असतं तर मी काही बोलले नसते. पण त्यांनी पुसलं नाही.

काकू झाकणावरून उठल्या. "न्या," त्या म्हणाल्या. "पण खोलीबाहेर जायचंच तर मी कपडे वाळत घालून येते. ही बादली कुणीतरी उचला." मी बादली उचलली. गच्चीच्या चौदा पायऱ्या आम्ही दोन ठिकाणी बसत चढलो. त्यांना वर खुर्चीवर बसवून मी खाली परतले, मास्क चढवला आणि दारात उभी राहिले.

काका कामाला लागले होते. कपाटं, बोचकी सगळी प्लॅस्टिकखाली झाकलेली. त्यांनी ट्रंकेचं झाकण बोटभर उघडलं आणि फटीतून पाणी मारलं. मग आणखी उघडलं, आणखी पाणी. सुतळी सोडली नाही, अभ्र्यावरूनच भिजवला, आतला शर्ट जड होऊन खाली बसेपर्यंत. इतक्या पाण्याची काही गरज नव्हती. मग दोन्ही हातांनी उचलून पिशवीत ठेवला. ओल्या कापडातून एका बटणाचा आकार दिसत होता. काकांनी त्यावर अंगठा क्षणभर टेकवला आणि पिशवीचं तोंड पिळून बांधलं. पिशवी पुसली, दुसऱ्या पिशवीत घातली, पुन्हा बांधली, वर धोक्याचं लेबल चिकटवलं. त्याच्या मागून दोन रजयाही गेल्या. नंतर तासभर ते गुडघ्यांवर बसून फरशी, पलंगाची खालची बाजू, ट्रंक, भिंती पुसत होते. फडकं एकदा फिरवायचं, घडी घालायची, स्वच्छ बाजू वर, पुन्हा फिरवायचं. त्यांचं इतकं सुंदर काम मी आधी बघितलं नव्हतं.

मग माझी पाळी. मी टॉर्च घेऊन कोपरे बघितले, पलंगाखाली आडवी झाले, स्टूल ओढून दाराच्या चौकटीवर बघितलं.

"चौकट बघितलीस?" काकांनी बाहेरून विचारलं.

"बघितली," मी म्हणाले. चौकट ओली होती.

पंप लावला. हवा ओढायला दोन तास लागणार होते, आणि तोवर आत कुणी जायचं नाही. त्या हवेत काही सापडलं नाही, हे मला संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली कळलं आणि तेव्हाच मी फोन करून त्यांना सांगितलं. काकूंचे डाग अर्थातच तिथेच राहिले. त्या त्यानंतर चार वर्षं जगल्या, तळमजल्यावर, खिडकीपाशी. काका त्यांच्या मागे वर्षभर. शेवटच्या दिवसांतही ते मला मोजणीबाईच म्हणत.

पण त्या दुपारी हे कुणाला माहीत नव्हतं. काका नळाखाली अंघोळ उरकून स्वच्छ कपड्यांत गच्चीवर आले. काकूंनी लहान कपडे दोरीवर घातले होते. बादलीत मोठी चादर तेवढी शिल्लक होती, एकटीला न झेपणारी. मी पुढे झाले, तर काकूंनी मला हातानंच थांबवलं. त्यांनी चादरीचं एक टोक काढून काकांच्या पुढे धरलं.

काका मागे सरकले. एकतीस वर्षांत त्यांनी घरात कुठलंही कापड झटकलेलं नव्हतं.

"ओलंच आहे," काकू म्हणाल्या. "धरा."

त्यांनी धरलं. दोघांनी चादर ताणली. काकूंना दम लागला होता म्हणून दोघंही जरा वेळ तशीच उभी राहिली, मध्ये ती पांढरी चादर. मग काकांनी घसा साफ केला.

"आज एकच काम होतं," ते म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर. एक शर्ट काढायचा होता."

"मग?" काकू म्हणाल्या.

"मालकीणबाई खोलीबाहेर जायला तयार नव्हती. ट्रंकेवर बसून राहिली. मला तर म्हणाली..." आणि काकांनी काकूंची नक्कल केली, श्वास घ्यायला मध्ये थांबण्यासकट, हुबेहूब.

काकू तोंड उघडं ठेवून हसल्या. "असतात अशा काही जणी," त्या म्हणाल्या, आणि आपल्या बाजूनं चादर झटकली.